मदकू द्वीप : आपल्याच पाण्यावरचे एक बेट

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत इतिहास झाला, नाट्यसंगीत झाले, संतवाङ्मय झाले. आणि आज चिटणीसांनी आम्हाला वनविहारावर बोलावयास उभे केले आहे. आम्ही म्हणजे बूढापाऱ्यातील चार-पाच कुटुंबे. हिवाळ्याच्या सुट्ट्यांत पाठीवर पिशव्या टाकून शिवनाथ, महानदी आणि जोंक या नद्यांच्या काठाकाठाने हिंडण्याचा नाद आम्हाला गेली काही वर्षे लागला आहे. त्या हिंडण्यात जे दिसले तेवढेच सांगणार आहोत. विद्वत्तेचा आव आणण्याइतके भांडवल आमच्याजवळ नाही.

गेल्या गणेशोत्सवात मुलांसाठी प्रश्नमंजूषा ठेवली होती, ती आपल्याला आठवत असेल. रायगडावर राज्याभिषेक कोणत्या साली झाला, असे विचारताच सारे हात वर झाले. सिंहगडाचे जुने नाव, पंचगंगेच्या काठचे शहर, सह्याद्रीतले सर्वांत उंच शिखर, सगळ्यांची उत्तरे बिनचूक आली. मग कोणीतरी विचारले, आपल्या रायपूरची खारून नदी पुढे कोणत्या नदीला मिळते? सभागृह स्तब्ध झाले. मुलेच काय, मागच्या खुर्च्यांवरील पालकही एकमेकांकडे पाहू लागले. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण आपल्या पूर्वजांनी बहुधा परमुलखात जाऊन राहिलेल्या मराठी माणसाकडे पाहूनच रचली असावी.

याला कारण आहे. १९५६ सालापर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते आणि आपली राजधानी नागपूर होती. त्या वर्षी १ नोव्हेंबरला विदर्भ मुंबई राज्यात गेला, छत्तीसगड नव्या मध्य प्रदेशात गेला, आणि आपण बसल्या जागी परप्रांतीय झालो. पुढे २००० साली त्याच तारखेला छत्तीसगड हे स्वतंत्र राज्य झाले. या साऱ्या उलथापालथीत मराठी कुटुंबांनी एक गोष्ट मात्र बदलू दिली नाही. सुट्टी लागली की पश्चिमेची गाडी पकडायची. आजोळ अमरावतीला, काका पुण्याला, कुलदैवत त्याहूनही पलीकडे. त्यात गैर काही नाही. तथापि तीन पिढ्या ज्या भूमीचे अन्न खाल्ले, तिचे डोंगर आणि नद्या आगगाडीच्या खिडकीतून मागे पळताना तेवढ्या पाहिल्या, हेही खरे आहे.

बूढापाऱ्यात राहणाऱ्यांनी तर असे करू नये. आपल्या दाराशी बूढातालाब आहे. गोंडांच्या बूढादेवावरून हे नाव पडले असे सांगतात. तलावाच्या मध्यभागी बेट आहे, त्यावर उद्यान आहे, आणि विवेकानंदांची भव्य मूर्ती आहे. १८७७ साली चौदा वर्षांचा नरेंद्र आईबरोबर वडिलांकडे रायपूरला आला, तेव्हा आगगाडी नागपूरपर्यंतच होती. पुढचा सारा प्रवास बैलगाडीने, पंधरा दिवसांहून अधिक, घनदाट अरण्यातून झाला. वाटेत डोंगराच्या कपारीत मधमाश्यांचे एक प्रचंड मोहोळ त्याच्या दृष्टीस पडले आणि त्या दर्शनाने त्याचे बाह्य भान हरपले, असे त्यांचे चरित्रकार लिहितात. तो मुलगा येऊन राहिला तो आपल्याच बूढापाऱ्यात. नागपूर आणि रायपूर यांच्यामधले अरण्य त्याने जसे पाहिले तसे पाहावयाचे भाग्य आता कोणाला नाही. निदान उरले आहे ते तरी आपल्या मुलांनी पायांनी चालून पाहावे, एवढीच आमची इच्छा.

आता त्या प्रश्नाचे उत्तर. खारून नदी बालोद जिल्ह्यात पेटेचुआ येथे उगम पावते, महादेवघाटावरून रायपूरला वळसा घालते आणि सिमग्याच्या अलीकडे सोमनाथ येथे शिवनाथला मिळते. शिवनाथ ही महानदीची मोठी उपनदी. ती येते महाराष्ट्राच्या सरहद्दीलगतच्या, गडचिरोलीच्या शेजारच्या डोंगराळ मुलखातून. म्हणजे एका अर्थी तीही आपल्यासारखीच तिकडून इकडे आलेली. दुर्ग, सिमगा, नांदघाट असे करीत ती शिवरीनारायणजवळ महानदीत विलीन होते. बिलासपूरच्या रस्त्याने जाताना नांदघाटच्या पुलावरून आपण तिला कितीदा ओलांडले असेल! त्या पुलाखालून ती थोडे अंतर पुढे गेली की तिचे दोन फाटे होतात आणि त्यांच्या मिठीत एक बेट येते. तेच मदकू द्वीप.

रायपूरहून अंतर सुमारे ऐंशी किलोमीटर. नांदघाट ओलांडल्यावर बैतलपूर लागते. कुष्ठरोग्यांचे जुने रुग्णालय तेथे आहे, त्यामुळे हे नाव आपल्यापैकी काहींच्या कानावर असेल. तेथून उजवीकडे फाटा फुटतो. बेटाचे क्षेत्रफळ सुमारे चोवीस हेक्टर आहे. आपल्या शेतीच्या हिशेबात साठ एकरांच्या आसपास. आकार बेडकासारखा असल्यामुळे मंडूक, आणि त्याचा अपभ्रंश मदकू, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. मंडूक ऋषींनी येथेच मांडूक्य उपनिषद रचले ही दुसरी. उपनिषदे कोणत्या नदीकाठी रचली गेली हे ठरवणे आमच्या आवाक्याबाहेरचे आहे. परंतु आपल्या राजमुद्रेवरील वचन या बेटावरच्या उपनिषदातले आहे, असे तेथे कोणी सांगितले तर मान डोलावू नये. ते वचन मुंडक उपनिषदातले. मुंडक आणि मांडूक्य या नावांच्या सारखेपणामुळे हा घोटाळा होतो. मांडूक्य उपनिषद अवघ्या बारा मंत्रांचे आहे. घरी गेल्यावर कोणालाही पडताळून पाहता येईल.

पाणी भरपूर असले तर नावेने जावयाचे. आम्ही गेलो तेव्हा माघ संपत आला होता. केवटाने वल्हे पाण्यात रोवून नाव नुसती ढकलत नेली. बेटावर पाऊल ठेवताच पहिली गोष्ट जाणवते ती सावली. छत्तीसगडच्या या मैदानी भागात चहूकडे भाताची खाचरे. धान कापून नेले की डोळ्यांना आडोसा म्हणून उरत नाही. आणि येथे अकस्मात कौह्याचे प्रचंड वृक्ष. कौहा म्हणजे आपला अर्जुनसादडा. पांढुरके, गुळगुळीत खोड आणि पाण्याच्या कडेला उघडी पडलेली मुळे. चिंचा आहेत, बेल आहेत, काठाला करंज आहे. वानरांची टोळी येणाऱ्याच्या हातातील पिशवीचे परीक्षण करीत झाडावरून झाडावर आपल्या बरोबरीने चालते. फुटाणे दाखवू नयेत. एकदा दाखवले की परतेपर्यंत सोबत सुटत नाही.

बेटाला पायी प्रदक्षिणा घातली तर दीड तास लागतो, मुले बरोबर असल्यास अडीच. यालाच गिर्यारोहण म्हणावे का, असे आमच्यातील एका तरुणाने विचारले. त्याने कळसूबाई केलेली आहे. पण चालण्याचा आनंद उंचीवर अवलंबून असता तर पंढरीच्या वारीला कोणी गेले नसते. काठाच्या वाळूत बसून राहिले की पाखरे येतात. खंड्या दिसला, पाणकावळे खडकावर पंख पसरून वाळत घातल्यासारखे बसले होते, आणि दूर वाळूच्या दांड्यावर नारिंगी रंगाच्या बदकांची एक जोडी होती. तो चक्रवाक. रात्री नदीच्या दोन काठांवर विरहाने आक्रोश करणारा म्हणून संस्कृत काव्यातून आपण त्याला ओळखतो. प्रत्यक्षात तो थंडीपुरता हिमालयापलीकडून आलेला पाहुणा आहे. शाळेत हा शब्द शिकवणाऱ्या आमच्यातील शिक्षिकाबाईंनी तो पक्षी प्रथमच पाहिला, आणि दुर्बीण त्यांच्याकडून परत मिळवण्यास बराच वेळ लागला.

बेटाच्या मध्यावर मंदिरे आहेत. २०१०-११ च्या सुमारास राज्याच्या पुरातत्त्व विभागाने अरुणकुमार शर्मा यांच्या मार्गदर्शनाखाली येथे उत्खनन केले, तेव्हा मातीखालून एकोणीस मंदिरांचा समूह उजेडात आला. तांबूस वालुकाश्माची, कलचुरी काळातील, दहाव्या-अकराव्या शतकाच्या आसपासची ही लहान लहान देवळे. विखुरलेले दगड हुडकून ती जागच्या जागी पुन्हा उभी करण्यात आली आहेत. त्यांत एक वस्तू आपण मुद्दाम पाहावी. एकाच चौथऱ्यावर पाच लिंगे बसवलेली आहेत. त्यांना स्मार्त लिंग म्हणतात. शिव, विष्णू, देवी, सूर्य आणि गणपती यांची एकत्र उपासना, म्हणजेच पंचायतन. आपल्यापैकी कित्येकांच्या देवघरात आजीच्या वेळेपासून तांब्याच्या ताम्हनात जे पंचायतन पूजले जाते, त्याचेच हे नदीकाठचे दगडी रूप. आमच्याबरोबरच्या एका वृद्ध मावशींनी ते पाहताच काही न बोलता चप्पल काढली.

एवढ्याशा या बेटावर दोन मेळे भरतात. पौष पौर्णिमेला छेरछेरा असतो. नवे धान घरात आल्यावर मुले दारोदार जाऊन मूठभर धान मागतात, आणि कोणी विन्मुख परत पाठवत नाही. त्या सुमारास येथे जत्रा भरते. पुढे फेब्रुवारीत परिसरातील ख्रिस्ती कुटुंबांचा मेळावा असतो; तोही शंभराहून अधिक वर्षे चालत आला आहे. तंबू ठोकून, चुली मांडून माणसे कित्येक दिवस येथे राहतात. एकाच वाळूवर एका महिन्यात प्रार्थनेची गाणी आणि दुसऱ्या महिन्यात नारळ-अबीर. आम्ही गेलो तेव्हा मेळावा उठून आठवडा झाला होता. चुलींच्या दगडांचे काळे तिकाटणे जागोजागी शिल्लक होते.

आता जे सांगणार आहोत ते सांगावे की न सांगावे याविषयी आमच्यात मतभेद होता.

बेटाचे वरचे टोक, म्हणजे ज्या नाकाडावर नदी दुभंगते ते, पुराच्या वेळी चाळणीसारखे काम करते. वरून वाहून आलेले सारे तेथल्या मुळांत अडकते. फांद्या, बांबू, पेंढा, आणि अर्थातच प्लास्टिकच्या पिशव्या. मुलांनी त्या टोकावर खजिना शोधण्याचा खेळ मांडला. एकीला आपल्याच चौकातील एका मिठाईवाल्याच्या नावाची पिशवी सापडली, म्हणून केवढा आनंद! तेवढ्यात एका मुलाने मुळांतून थर्मोकोलचा हातभर तुकडा ओढून काढला. त्यावर सोनेरी कागद होता, अर्धा निघालेला. कागदाखाली लाल रंगात अक्षरे होती, ‘वकर या’. पुढचे-मागचे तुटून गेलेले. तो मुलगा मराठी वाचावयास नुकताच मंडळाच्या रविवारच्या वर्गात शिकला आहे. त्याने मोठ्याने वाचले आणि विचारले, “हा आपला गणपती होता का?”

कोणाचा होता हे कोण सांगणार? हिंदी भाषक, बंगाली, सारेच रायपुरात गणपती बसवतात, आणि ‘लवकर या’ आता सगळ्यांचेच झाले आहे. मखर महादेवघाटावर सोडले, की नाल्यात टाकले, की कोणाच्या अंगणातून वाहून गेले, कळण्यास मार्ग नाही. परंतु पाण्याचा मार्ग एकच आहे. आपल्या मोरीतून नाल्यात, नाल्यातून खारूनमध्ये, सोमनाथला शिवनाथमध्ये आणि तेथून थेट या बेटाच्या नाकाडावर. चंदनडीह आणि निमोरा येथे अलीकडे सांडपाण्याची शुद्धीकरण केंद्रे उभी राहिली आहेत, महादेवघाटाजवळ विसर्जनासाठी कुंड आहे, हे सर्व आम्ही जाणतो आणि त्याचे स्वागत करतो. थर्मोकोल मात्र कोणत्याही केंद्रात विरघळत नाही. केवट शेजारी उभा होता. तो म्हणाला, पहिल्या पुरात असले पुष्कळ येते, जाळ्यात अडकते, जाळे फाटते. तुमच्या शहरात एवढ्या देवांची घरे दरसाल मोडतात का हो? त्याच्या विचारण्यात उपरोध नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले.

रात्रीचा मुक्काम आम्ही बेटावर न करता अलीकडच्या काठी एका शेतकऱ्याच्या बियाऱ्यात केला. बियारा म्हणजे आपले खळे. धान झोडून झालेले, जमीन शेणाने सारवलेली, एका बाजूला पेंढ्याची गंजी. तंबू दोनच होते. ते स्त्रिया व लहान मुलांना दिले आणि बाकीच्यांनी पेंढा पसरला. आमच्याजवळ झुणका-भाकरी होती. घरच्या मालकिणीने अंगाकर करून दिली. तांदळाच्या पिठात शिळा भात मळून जाड थापायची आणि पळसाच्या पानांत गुंडाळून गोवरीच्या निखाऱ्यावर भाजायची. आमच्यातल्या एका मूळच्या रत्नागिरीच्या आजी तुकडा तोंडात घालून म्हणाल्या, “अहो, ही तर पानगी!” कोकणात केळीचे पान, येथे पळसाचे. दोघी बायका मग चुलीशी बसून बराच वेळ बोलत होत्या. एक मराठीतून, दुसरी छत्तीसगढीतून. रात्री कोल्ह्यांची हुकी ऐकू आली. शहरात जन्मलेल्या मुलांनी ती प्रथमच ऐकली, आणि दोन मुलगे पेंढ्यावरून मुकाट्याने आपापल्या आईच्या तंबूत शिरले.

ज्यांना याहून मोठे रान पाहावयाचे असेल त्यांनी तसेच पुढे बारनवापाऱ्याला जावे. बार आणि नवापारा या दोन वनगावांवरून हे नाव आले. १९७६ साली हे अभयारण्य झाले. विस्तार सुमारे २४५ चौरस किलोमीटर. तेथील ओढ्यांचे पाणी जोंक आणि महानदीला जाते, आणि जोंकही शिवरीनारायणच्या परिसरातच महानदीला मिळते. म्हणजे मदकूचे पाणी आणि बारनवापाऱ्याचे पाणी अखेर शेजारी. पावसाळ्यात अभयारण्य बंद असते. १ नोव्हेंबरला उघडते. तेथे साग आहे, तसा सालही आहे. साल, ज्याला येथे सरई म्हणतात, तो वृक्ष सह्याद्रीत कोठेही भेटणार नाही. पहाटे त्या उभ्या, सरळ खोडांमधून गव्यांचा कळप धुक्यात उभा दिसतो, तेव्हा जीपमध्ये बसलेली बडबडी मुलेही आपोआप गप्प होतात. अस्वले आहेत, बिबटे आहेत, चौसिंगा आहे. २०२० आणि २०२३ साली आसामातील मानसहून आणलेल्या रानम्हशी येथे कुंपणात ठेवल्या. रानम्हैस हा या राज्याचा राज्यपशू; आपल्या गडचिरोलीत कोलामार्क्याला तिचे भाऊबंद आहेत. २०२४ च्या मार्चमध्ये येथे कोठून तरी एक नर वाघ चालत आला आणि सुमारे आठ महिने एकटाच या परिसरात वावरला. नोव्हेंबरात तो कसडोलच्या वस्तीत शिरला, तेव्हा त्याला बेशुद्ध करून गुरू घासीदास-तमोर पिंगला व्याघ्र प्रकल्पात नेऊन सोडण्यात आले. आम्हाला तो दिसला नाही. त्याच्या पंजाचा ठसा पाहिला असे आमच्या जीपचालकाने सांगितले आणि आम्ही ते आनंदाने मान्य केले.

असो. मतभेद होता असे वर म्हटले, तो मिटला तो असा. बेटाचे वर्णन करून टाळ्या घ्याव्यात आणि थर्मोकोलाची गोष्ट वगळावी, उत्सवाच्या वर्षात कोणाचे मन दुखवू नये, असे काहींचे म्हणणे होते. परंतु ज्या मुलाने तो तुकडा काढला तो येथे पुढे बसलेला आहे आणि त्याचा प्रश्न अद्याप तसाच आहे. तेव्हा आमच्या कुटुंबांनी गेल्या भाद्रपदात जे केले ते सांगतो. शाडूची वीतभर मूर्ती, घरच्या जुन्या पैठणीची आणि पुठ्ठ्याची मखर, आणि अंगणात घंगाळात विसर्जन. विरघळलेली माती तुळशीला घातली. पैठणी धुऊन पुन्हा पेटीत गेली. मंडळाच्या सार्वजनिक मूर्तीविषयीचा ठराव पुढील सर्वसाधारण सभेपुढे आम्ही मांडणार आहोत. मूर्तीची उंची, मखरीचे साहित्य आणि विसर्जनाची जागा, असे तीन मुद्दे त्यात आहेत. ज्येष्ठांपैकी काहींचा उंचीच्या मुद्द्याला विरोध आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. त्यांनी सभेला यावे आणि अवश्य बोलावे; मात्र त्याआधी एकदा आमच्याबरोबर त्या नाकाडावर येऊन उभे राहावे, अशी हात जोडून विनंती आहे.

यंदाची सहल माघ महिन्यात, मेळावा उठल्यानंतरच्या शनिवारी निघेल. पहाटे साडेपाचला बूढातालाबाच्या काठावरून गाडी सुटेल, कोणासाठीही थांबणार नाही. प्रत्येकाने अंथरूण-पांघरूण, पाण्याची बाटली, ताट-वाटी आणि बॅटरी स्वतःची आणावी. कागदी वा प्लास्टिकची ताटे चालणार नाहीत. दुर्बिणी दोन आहेत, आणखी कोणाकडे असल्यास कृपया आणाव्यात. रिकाम्या गोण्या मंडळ देईल. पुराने आणून टाकलेले त्यांत भरून गाडीच्या टपावरून परत आणावयाचे आहे. केवटाशी बोलणे झाले आहे. नावेत एका खेपेस दहा माणसे बसतात, तेव्हा नावे लवकर नोंदवावीत.